डेस्कटॉप चालूच होत नाहीये, एसएमपीएसमधून फक्त टिक टिक आवाज येतो

कळफलक:

नमस्कार मंडळी, डेस्कटॉप बंद पडलाय आणि काही केल्या चालू होत नाहीये. रात्री नेहमीसारखा शट डाऊन केला, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही, फॅन नाही, बीप नाही, पुढचा लाइट पण नाही. मॉनिटरवर नो सिग्नल येतंय, ते येणारच. असेंबल केलेलं मशीन आहे, पाचेक वर्षं झाली असतील, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एक एसएसडी आणि एक हार्ड डिस्क एवढंच. जळका वास वगैरे अजिबात नाही.

काय काय करून बघितलं ते सांगतो म्हणजे परत तेच कोणी लिहायला नको. प्लग दुसऱ्या सॉकेटला लावला, मधे एक्स्टेंशन नाही. मॉनिटरची पॉवर केबल काढून इकडे लावली, तरी तेच. एसएमपीएसचा (म्हणजे कॅबिनेटमधला सगळ्यांना वीज देणारा डबा) मागचा स्विच ऑन आहे. प्लग काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवायचं असतं ते पण केलं.

एकच गोष्ट विचित्र वाटली. मागचा स्विच ऑन केला की एसएमपीएसमधून अगदी बारीक टिक... टिक... टिक असा आवाज येतो, कान जवळ नेला तरच ऐकू येतो, आणि मदरबोर्डावर एक छोटा हिरवा एलईडी आहे जो आधी कायम लागलेला असायचा तो आता त्या टिकबरोबर मिणमिणतो आणि विझतो. बटण दाबो न दाबो, हे चालूच.

नवीन एसएमपीएस मागवू का? मागवायला हरकत नाही पण लावल्यावर परत तेच झालं तर मग मदरबोर्ड, मग प्रोसेसर, असं एकेक करत बसायचं का, म्हणून आधी विचारतोय.

झोपमोड:

रॅम काढ, सोनेरी पट्टी खोडरबरने घास आणि परत नीट खटकन बसेपर्यंत दाबून लाव. माझं मशीन दर पावसाळ्यात असंच करतं आणि दरवेळी रॅम घासली की चालू होतं. सोबत बोर्डावरचा गोल सेल पण बदलून टाक, पाच वर्षं म्हणजे तो गेलाच असणार.

तिरकी_वायर:

एसएमपीएस गेला. डोळे झाकून बदला. टिक टिक म्हणजे तो चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि होत नाहीये. कोणाचा जास्तीचा पडून असेल तर आधी तो लावून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

खटपट्या:

खोडरबरवाल्यांनो जरा थांबा :) रॅम खराब असली तर फॅन फिरतात, बीप येतात, स्क्रीन काळी राहते. इथे फॅनच फिरत नाहीये म्हणजे गाडी रॅमपर्यंत पोचलेलीच नाही. सेलचं पण तसंच, तो सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, त्याचं काम घड्याळ आणि सेटिंग जपणं, तो उतरला तर तारीख चुकते, बायोस सेटिंग जातात, क्वचित एखादा बोर्ड त्यावरून अडून बसतो पण टिक टिक काही त्याच्यामुळे होत नाही.

बटण दाबल्यावर नक्की काय होतं ते एकदा समजून घ्या मग कुठे अडलंय ते आपोआप कळतं. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये पुढचं बटण म्हणजे खरोखरचा मेन स्विच असायचा, दाबला की वीज चालू. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि तेव्हापासून ते बटण म्हणजे नुसती दारावरची बेल आहे, दार उघडायचं की नाही ते आतला ठरवतो. मशीन बंद दिसत असलं तरी प्लग लावलेला असेल आणि मागचा स्विच ऑन असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग सतत चालू असतो आणि बोर्डाला ५ व्होल्ट देत राहतो, त्याला स्टँडबाय म्हणतात, जाड २४ पिनच्या कनेक्टरमधली जांभळी वायर. तुम्ही बटण दाबलं की बोर्ड ह्या ५ व्होल्टवर जागा असल्यामुळे ते ओळखतो आणि हिरव्या वायरचा व्होल्टेज खाली खेचतो, म्हणजे एसएमपीएसला सांगतो की आता सगळं चालू कर. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइन उठतात, त्या स्थिर झाल्या की एसएमपीएस करड्या वायरवर सगळं ठीक आहे असा सिग्नल देतो, त्याला साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद लागतात, आणि त्यानंतर कुठे प्रोसेसर जागा होतो. रॅम, डिस्प्ले, विंडोज हे सगळं त्याच्या पुढचं.

आता तुमचा हिरवा एलईडी त्या जांभळ्या वायरवर चालतो. तोच मिणमिणतोय. म्हणजे बेल वाजवण्याच्याही आधीची गडबड आहे, आणि बटण दाबून काही होत नाही ह्यात बटणाचा दोष नाही.

झोपमोड:

बरं, मग माझी रॅम घासल्यावर चालू का होते?

खटपट्या:

तुझे फॅन फिरतात का तेव्हा? फिरत असतील तर तुझा आजार वेगळा. चालू होत नाही आणि डिस्प्ले येत नाही ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि सगळे दोन्हीला पीसी बंद पडला असंच म्हणतात.

झोपमोड:

फिरतात. ठीके, गप्प बसतो.

सोल्डरवाला:

उशिरा आलो पण धागा बरोबर रस्त्यावर आहे. टिक टिकबद्दल तिरकी_वायर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. स्टँडबायचा भाग चालू व्हायला जातो, बाहेर कुठेतरी खूप करंट ओढला जातो, तो स्वतःला वाचवायला बंद होतो, क्षणभराने परत प्रयत्न करतो, परत बंद. त्या प्रत्येक प्रयत्नाचा तो आवाज. पण जास्त करंट ओढणारा दोष एसएमपीएसच्या आत पण असू शकतो आणि बोर्डाच्या बाजूला पण, आवाज ऐकून ते कळत नाही. आणि बाहेर शॉर्ट असेल तर नवाकोरा एसएमपीएस लावला तरी तो पण टिक टिकच करेल, मग तुम्ही म्हणाल हा पण खराब निघाला.

मल्टीमीटर आहे का? असेल तर असं करा. प्लग काढा. २४ पिनचा जाड कनेक्टर बोर्डावरून काढा, बाजूला खटका असतो तो दाबून सरळ वर ओढा, वाकडातिकडा हलवून बोर्ड वाकवू नका. प्रोसेसरजवळ अजून एक ४ किंवा ८ पिनचा असतो तो पण काढा. डिस्कच्या पॉवर केबल पण काढा. आता एसएमपीएस पूर्ण एकटा. प्लग लावा, मागचा स्विच ऑन करा, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी काडी कुठल्याही काळ्या वायरच्या पिनमध्ये आणि लाल काडी जांभळ्यात. ४.७५ ते ५.२५ च्या मधे आलं पाहिजे आणि आकडा एका जागी उभा राहिला पाहिजे.

ते ठीक आलं तर पुढची पायरी. स्विच बंद करा, हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी वायर ह्यांच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, सरळ केलेली पेपरक्लिप चालते. हिरवीच्या दोन्ही बाजूंना काळीच असते त्यामुळे डावीकडची घ्या नाहीतर उजवीकडची, पण हिरवी आणि काळी सोडून दुसऱ्या रंगाला तार लावू नका. मग स्विच ऑन. एसएमपीएसचा फॅन फिरला पाहिजे (काही मॉडेलमध्ये कमी लोडला फॅन मुद्दाम बंद ठेवतात, तेव्हा पिवळ्या वायरवर मोजा, ११.४ ते १२.६ आलं पाहिजे). हल्ली सगळ्या वायरी काळ्या असलेले एसएमपीएस येतात, तसा असेल तर मॅन्युअलमधलं पिनचं चित्र बघितल्याशिवाय तार घालू नका.

आणि एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावर पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, २३० व्होल्ट एसीचे तिथे ३२५ च्या आसपास डीसी झालेले असतात, आणि पीएफसीवाल्यात (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्यात) त्याहून जास्त. बाहेरून कनेक्टरवर मोजायचं ते सुरक्षित आहे, डब्याच्या आतलं आपलं काम नाही.

तिरकी_वायर:

पेपरक्लिपवर माझा विश्वास नाही. फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं लोक समजतात आणि मग लोड आल्यावर तो बसतो. त्यापेक्षा दुसरा लावून बघणं सोपं.

सोल्डरवाला:

मान्य आहे की. क्लिपने फक्त मेलेला ओळखता येतो, दमलेला ओळखता येत नाही. पण इथे प्रश्न लोडचा नाहीये, स्टँडबायच उठत नाहीये, आणि ते एकट्याने मोजलं की तिथल्या तिथे कळतं दोष कुठल्या बाजूला.

दुसरा लावून बघणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. केबल निघणारा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल तशाच ठेवून नुसता डबा बदलू नका. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण डब्याकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचा पण वेगळा. केबल बसते अगदी मस्त, आणि हार्ड डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट जातात. डिस्क गेली की डेटा गेला.

वाचनमात्र:

मधेच विचारतो, वेगळा धागा काढायचा कंटाळा आलाय. माझं मशीन पण चालू व्हायला त्रास देतं पण टिक टिक नाही. रात्रभर मेन स्विच बंद असेल तर सकाळी बटणाला दाद देत नाही, स्विच ऑन करून दहा पंधरा मिनिटं सोडून दिलं की मग चालू होतं, आणि एकदा झालं की दिवसभर काही तक्रार नाही.

सोल्डरवाला:

@वाचनमात्र तुमचं तर लक्षणांवरून जवळजवळ नक्की एसएमपीएस. स्टँडबायच्या भागात छोटे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, ते वर्षानुवर्षं चोवीस तास गरम राहतात कारण तो भाग कधी बंदच होत नाही, त्यामुळे आतलं द्रव हळूहळू सुकतं. सुकलेला कपॅसिटर थंड असताना अगदीच कामचुकार, थोडा गरम झाला की कसाबसा जमवून घेतो. म्हणून थोड्या वेळाने चालू होतं. हे दिवसेंदिवस लांबत जातं, आज पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग एक दिवस कधीच नाही. बदला, आणि तोपर्यंत बॅकअप घेऊन ठेवा.

वाचनमात्र:

बरोबर, आधी पाच मिनिटांत व्हायचं. धन्यवाद, परत वाचनमात्र होतो.

कळफलक:

मल्टीमीटर शेजाऱ्यांकडून आणला. एसएमपीएस एकटा ठेवून जांभळ्यावर ५.०६ व्होल्ट, आकडा हलत नाही, आणि टिक टिक पण पूर्ण बंद!! क्लिप लावली तर फॅन फिरला, पिवळ्यावर १२.११ आले.

मग २४ पिनचा परत बोर्डावर लावला, मागून वायरीच्या बाजूने काडी घालून जांभळ्यावर मोजलं तर आकडा नाचतोय, एकदा ०.८, एकदा दीड, परत शून्याजवळ, आणि टिक टिक सुरू. म्हणजे बोर्ड गेला ना? बोर्ड गेला तर प्रोसेसर पण बदलावा लागेल कारण त्या सॉकेटचे बोर्ड आता मिळत नाहीत धड.

खटपट्या:

एवढ्यात बोर्डाचं तेरावं घालू नका. एसएमपीएस सुटला हे नक्की. आता बोर्ड आणि बोर्डाला जोडलेलं सगळं, ह्यातलं काहीतरी स्टँडबायचे ५ व्होल्ट खातंय. आणि ते ५ व्होल्ट बोर्डावरून बाहेर बऱ्याच ठिकाणी जातात.

सोल्डरवाला:

हेच लिहायला आलो होतो. प्लग काढून बोर्डाला लागलेलं सगळं काढा आणि एकेक गोष्ट काढल्यावर प्लग लावून फक्त तो हिरवा एलईडी बघा, बटण दाबायची पण गरज नाही. सुरुवात यूएसबीपासून करा. मागचा कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, डोंगल, सगळं काढा, मशीन बंद असताना पण कीबोर्डचा किंवा माऊसचा लाइट जळत राहतो बघा, तो ह्याच लाइनवर. मग लॅनची केबल. मग कॅबिनेटच्या पुढच्या बाजूकडून येणाऱ्या वायरी, म्हणजे पुढचे यूएसबी, ऑडिओ आणि त्या छोट्या छोट्या पॉवर स्विच आणि एलईडीच्या पिना.

पुढच्या यूएसबीची जाड केबल काढताना जपून. यूएसबी ३ चा १९ पिनांचा कनेक्टर फार घट्ट बसतो आणि जोरात ओढला की बोर्डावरचं प्लास्टिकचं कव्हर त्याच्यासोबत उपटून येतं, पिना वाकतात. बोटाने बोर्डाकडचं कव्हर दाबून धरा आणि प्लग दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडा थोडा वर काढा.

हे सगळं काढूनही एलईडी मिणमिणतच राहिला तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून बघायचा, मागे एखादा सुटा स्क्रू अडकलेला असतो किंवा जास्तीचा स्टँड ऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब) भलत्या ठिकाणी टेकलेला असतो. त्यानंतरच बोर्डावर आळ घ्या.

तिरकी_वायर:

पुढच्या पॉवर स्विचच्या दोन पिना काढल्या आहेतच तर त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर टेकवून चालू करून बघता येतं, कॅबिनेटचं बटण खराब असेल तर ते पण कळेल. स्विचच्या वायरला उलटसुलट नसतं, एलईडीच्या वायरला असतं.

कळफलक:

सापडलं!!!

मागचं सगळं काढलं, काही फरक नाही. लॅन काढली, नाही. पुढची यूएसबीची ती जाड केबल काढली (बोर्डाकडचं कव्हर धरून, नाहीतर आलंच होतं हातात) आणि प्लग लावला तर हिरवा एलईडी एकदम स्थिर, पूर्वीसारखा. बटण दाबलं, चालू. सरळ विंडोज. आत्ता त्याच मशीनवरून लिहितोय.

मग टॉर्च मारून पुढचे पोर्ट बघितले. दोन आहेत, त्यातल्या खालच्या पोर्टमध्ये जी निळी प्लास्टिकची पट्टी असते ती मुळापासून मोडून कुठेतरी पडून गेलीये, आणि तिच्यावर बसलेल्या पितळी पट्ट्या आत नुसत्याच लोंबकळतायत. कडेची एक वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकलीये. सुईने ती पट्टी जरा बाजूला केली, केबल लावली, एलईडी लागला. परत टेकवली, टिक टिक. कॅबिनेट टेबलाखाली असतं आणि पुढे बऱ्याचदा पेन ड्राइव्ह लावलेला असतो, पाय लागून पट्टी मोडलेली असणार, आणि सफाईच्या वेळी कॅबिनेट सरकवल्यावर ती पट्टी नेमकी पत्र्याला जाऊन टेकली असणार.

पण एक कळलं नाही. यूएसबीला शॉर्टपासून संरक्षण नसतं का? एका फुटक्या पोर्टमुळे सगळं मशीनच मेल्यासारखं?

सोल्डरवाला:

असतं, बहुतेक बोर्डांवर. यूएसबीच्या लाइनवर एक असा फ्यूज असतो जो जास्त करंट गेला की गरम होऊन स्वतःच अडवतो आणि थंड झाला की परत जोडतो, त्यामुळे तो बदलावा लागत नाही. गंमत अशी की त्याला गरम व्हायला वेळ लागतो. तुमच्याकडे कडेची पट्टी म्हणजे ५ व्होल्टची आणि पत्रा म्हणजे ग्राउंड, थेट शॉर्ट. एसएमपीएसचा स्टँडबाय साधारण २ ते ३ अँपिअरचा असतो आणि त्याचं स्वतःचं संरक्षण त्या फ्यूजपेक्षा चपळ, तो आधी बंद पडतो. बंद पडला की करंट थांबला, फ्यूज तापलाच नाही. परत चालू, परत शॉर्ट, परत बंद. फ्यूजवर पाळी येतच नाही.

शॉर्ट थोडा कमी दमाचा असता किंवा बोर्डावर फ्यूजऐवजी जलद तोडणारी चिप असती तर मशीन चालू होऊन स्क्रीनवर यूएसबीचा करंट जास्त झाल्याची सूचना येऊन परत बंद पडलं असतं, तसंही काही बोर्ड करतात.

झोपमोड:

म्हणजे बायोसमध्ये बंद मशीनला यूएसबीची पॉवर बंद ठेवायचा पर्याय असतो तो लावला असता तर हे झालंच नसतं?

सोल्डरवाला:

इआरपी नावाने असतो तो, हो. तेव्हा हिरवा एलईडी पण नीट लागला असता, तुम्ही बटण दाबलं असतं, फॅन क्षणभर हलले असते आणि यूएसबीला पॉवर जाताक्षणी सगळं खाली बसलं असतं. मशीन बंद ते बंदच, फक्त शोधायला अजून अवघड, कारण फॅन एकदा हलून थांबला की प्रोसेसरच्या पॉवरचा भाग शॉर्ट आहे का, एसएमपीएस लोडला बसतोय का, असे दहा संशय येतात.

कळफलक:

आता ती केबल काढूनच ठेवलीये. असंच चालवलं तर काही प्रॉब्लेम? पुढचा वरचा पोर्ट चांगला आहे, तो वापरता आला तर बरं होईल.

खटपट्या:

केबल काढून कायम चालवलं तरी काही बिघडत नाही, बोर्डाला त्या पोर्टची गरज नाही. फक्त मोकळं टोक आत फॅनला लागणार नाही असं बांधून टाका.

वरचा वापरायचा असेल तर खालच्यातल्या पट्ट्या टेपने झाकून भागणार नाही, कोणीतरी अंधारात चाचपडत पेन ड्राइव्ह त्यात घालेलच. प्लग काढून, पट्ट्या बारीक कटरने मुळाशी कापून टाका, कापल्यावर मीटरच्या बीपवर तपासा की कुठलीच पट्टी पत्र्याला लागत नाही, आणि मग पोर्टचं तोंड रबरी बुचाने बंद करा. कापलेले तुकडे मोजून बाहेर काढा, एक जरी आत कॅबिनेटमध्ये पडला तर पुढचा धागा तुमचाच असेल. नाहीतर पुढचं पॅनेल केबलसकट वेगळं मिळतं, चार स्क्रूचं काम आहे, तुमच्या कॅबिनेटचं मिळतंय का बघा.

कळफलक:

पॅनेल शोधतो, तोपर्यंत केबल बांधून ठेवली. मल्टीमीटर आता शेजाऱ्यांना परत द्यायची इच्छा होत नाहीये.

तिरकी_वायर:

घ्या एक स्वतःचा, एसएमपीएसपेक्षा स्वस्त पडतो. आणि मागचे यूएसबी पण एकदा टॉर्च मारून बघून घ्या, उघडून बसलाच आहात तर.